मोटेवरच्या गाण्याची टेप

मी एक जुनी टेप आहे. तुमच्यापैकी अनेकांनी माझ्यासारखी टेप पाहिलेलीही नसेल, म्हणून आधी माझं रूप सांगते. पाव इंच रुंद आणि सहाशे फूट लांब अशी प्लास्टिकची पातळ पट्टी, पाच इंची चकतीवर गुंडाळलेली. पट्टीच्या एका अंगाला तपकिरी लेप आहे. तो लेप म्हणजे लोखंडाच्या गंजासारखी अतिशय बारीक पूड. यंत्रातून आवाज माझ्यापर्यंत येतो तेव्हा या पुडीतले कण चुंबकासारखे वळतात आणि तसेच राहतात. लोकांना वाटतं टेप ऐकते. मी ऐकत नाही, मी वळते, आणि एकदा वळले की आपणहून सरळ होत नाही. माझं सगळं आयुष्य या एका गुणावर उभं आहे.

मित्रांनो, मुंबईच्या एका दुकानातून मला हेमचंद्र सरांनी विकत घेतलं. ते नगरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. त्यांच्याजवळ सेलवर चालणारा एक टेपरेकॉर्डर होता, खांद्याला अडकवता येईल असा. रविवारी तो घेऊन ते एसटीने गावोगाव जात. त्या काळात विहिरींवर इंजिनं बसू लागली होती. मोटा सुटत होत्या आणि मोटेबरोबर मोटेवरची गाणीही. ती संपण्याआधी साठवून ठेवावीत, असं सरांना वाटे. दुसऱ्या कुणाला तसं वाटत असल्याचं मला कधी दिसलं नाही.

१९७१ सालच्या माघात सर मला घेऊन कर्जत तालुक्यातल्या एका गावी गेले. गहिनीनाथ धांडे यांच्या विहिरीवर अजून मोट चालू होती. गहिनीनाथांचा आवाज पंचक्रोशीत नावाजलेला होता. ते मोट धरत तेव्हा शेजारच्या रानातली माणसं हातातलं खुरपं थांबवत, असं सरांच्या कानावर आलं होतं.

मोट तुम्ही पाहिली नसेल. ती चामड्याची मोठी पिशवी. बैल उतारावरून खाली जातात तसा दोर ओढला जाऊन मोट विहिरीतून वर येते आणि दगडी हौदात रिकामी होते. त्या उताराला धाव म्हणतात. मग बैल पाठमोरे वर येतात आणि मोट पुन्हा पाण्यात जाते. गाणं असतं ते बैल खाली जातानाचं. एका धावेला एक ओळ. ओळ संपली की पाणी कोसळल्याचा आवाज, मग चाकाची कुरकुर, मग पुढची ओळ. हौदातलं पाणी पाटाने दूर शेतात जातं. तिथे कुणीतरी चिखलात उभं राहून ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवत असतं. याला दारं धरणं म्हणतात. गहिनीनाथांच्या शेतात दारं धरायला त्यांची बायको रतनबाई होत्या. विहिरीपासून त्या इतक्या लांब होत्या की सरांना त्यांचं हिरवं लुगडं तेवढं दिसत होतं.

सरांनी मला सुरू केलं. सेकंदाला पावणेचार इंच या वेगाने मी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर जाऊ लागले आणि गहिनीनाथ गाऊ लागले.

जा रं काजळ्या सावकाश, मोत्या तुझी जोड,
हिरीच्या पोटातलं पानी उसावानी गोड.
पाय माझं चिखलात, कान माझं चाकाकडं,
चाक थांबलं का राहतंय निम्मं शेत कोरडं.

अशा बारा-चौदा ओळी होत्या. मधेच रतनबाईंची लांबून हाक आली, "थांबा, दारं फुटलं!" मातीचा बांध फुटून पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं होतं. गहिनीनाथांनी एक धाव बैल थांबवले आणि मग पुढची ओळ घेतली. ती हाकही माझ्यावर राहिली.

गाणं संपल्यावर सरांनी मला बंद न करता विचारलं, "गहिनीनाथराव, हे रचलं कुणी?"

धावेवर चार-पाच शेजारी उभे होते. शहरातला माणूस यंत्र घेऊन आला म्हणून ते पाहायला आले होते. गहिनीनाथांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बैलांकडे, आणि म्हणाले, "पहिल्यापासूनचं हाय, सर."

मित्रांनो, हे खरं नव्हतं. पण गहिनीनाथ खोटारडे नव्हते. त्या गावात नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेत नसे आणि बायको नवऱ्याचं. दोघं एकमेकांना 'अगं' आणि 'आवं' एवढ्यावर आयुष्यभर हाक मारत. शिवाय बायकोनं रचलेलं गाणं आपण मोटेवर गातो असं शेजाऱ्यांसमोर सांगितलं असतं, तर पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांची चेष्टा झाली असती. म्हणून त्यांनी सगळ्यात सोपं उत्तर दिलं.

त्यांची आई गोजरबाई हौदाच्या कडेला शेंगा फोडत बसली होती. तिला असली लाज सांभाळायची नव्हती. ती म्हणाली, "काय पहिल्यापासूनचं, मुडद्या? आमच्या रतननं रचलंय."

शेजारी हसले. गहिनीनाथ बैल सोडायला निघून गेले. सरही हसले आणि त्यांनी बटण बंद केलं.

त्या उन्हाळ्यात मी नगरला सरांच्या खोलीत, पत्र्याच्या ट्रंकेत होते. चैत्र-वैशाखाचं ऊन त्या पत्र्यावर दिवसभर पडे. मी घट्ट गुंडाळलेली होते, माझं एक वेटोळं दुसऱ्याला दाबून बसलेलं. अशा वेळी आमच्या जातीत एक गोष्ट घडते आणि ती आमचा दोष म्हणून सांगितली जाते. एका वेटोळ्यावरचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर अगदी पुसटसा उमटतो. उष्णतेने तो जास्त उमटतो. मला ते जाणवत होतं, पण माझ्याकडे कोण पाहणार? आणि पाहिलं असतं तरी दिसलं नसतं.

जूनमध्ये सरांकडे एक पाहुणा येणार होता. इंग्लंडचा तरुण, आपल्याकडच्या विहिरींच्या पाण्याचा अभ्यास करायला आलेला. त्याला गाण्यांची आवड होती आणि त्याच्याजवळ स्वतःचं यंत्रही होतं. सर त्याच्यासाठी टेपा नीटनेटक्या करायला बसले. प्रत्येक गाण्याच्या शेवटी ते स्वतःच्या आवाजात माहिती भरत. माझी पाळी आली तेव्हा गाण्यानंतरचं ते बोलणं त्यांनी पुन्हा एकदा ऐकलं. सासूनं सुनेचं असं कौतुक करावं याचं त्यांना नवल वाटलं. पण त्यांनी वाचलेल्या पुस्तकांत मोटेवरची गाणी कुणा एकाची नसतात असं लिहिलेलं होतं. ज्यानं गायलं तो स्वतः पहिल्यापासूनचं म्हणत होता. पुस्तक एका बाजूला, गाणारा त्याच बाजूला, आणि दुसरीकडे शेंगा फोडणारी एक म्हातारी. त्यांनी बटण दाबलं आणि त्या बोलण्यावर स्वतःचा आवाज भरला. "मोटेवरचं गाणं. पारंपरिक. तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर."

पुसलं जाणं कसं असतं, हे मला कुणी विचारलं नाही. दुखत नाही. जे कण एका दिशेला वळलेले असतात ते सुटतात आणि दुसरीकडे वळतात. गोजरबाईंची दोन वाक्यं गेली. माझ्या पेटीवरही सरांनी सुंदर अक्षरात 'पारंपरिक' लिहिलं. पाहुण्याने दोन यंत्रं तारेने जोडून माझी नक्कल घेतली आणि ती घेऊन तो मायदेशी गेला.

त्यानंतर १९७२ साल आलं. त्या वर्षाबद्दल तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. गहिनीनाथांच्या विहिरीचा तळ दिसला. मोट सोडून ठेवावी लागली. काजळ्या चारा-छावणीत मेला. रतनबाई आणि गहिनीनाथ सडकेच्या कामावर खडी फोडायला जात. भाद्रपदात गोजरबाई वारल्या. हे सगळं सरांना पत्राने कळलं. ते पत्र त्यांनी माझ्या पेटीत ठेवलं, म्हणून मला ठाऊक आहे.

१९७३ला पाऊस चांगला झाला. दिवाळी झाल्यावर सरांकडे विलायतेहून एक मोठं चौकोनी पार्सल आलं. आत एक रेकॉर्ड होती आणि पाहुण्याचं पत्र. तिकडचा एक फार प्रसिद्ध रॉक बँड होता. त्यांचं गाणं ऐकायला मैदानं भरत. पाहुण्याचा एक मित्र त्यांच्याबरोबर काम करत असे. त्यानं माझी नक्कल बँडला ऐकवली, त्यांना चाल फार आवडली आणि त्यांनी आपल्या नव्या रेकॉर्डवर ती घेतली. पाहुण्याने मोठ्या आनंदाने लिहिलं होतं, तुमच्या विहिरीवरचं गाणं आता अर्ध्या जगात वाजत आहे.

सरांना इतका आनंद झाला की पुढच्या रविवारपर्यंत थांबणं त्यांना जड गेलं. त्यांनी एका मित्राचा सेलवर चालणारा रेकॉर्ड-प्लेअर मागून घेतला, दुसऱ्या खांद्याला माझं यंत्र अडकवलं आणि कर्जतची एसटी धरली.

विहीर मी ओळखली नसती. धावेवर गवत वाढलं होतं. मोट गोठ्यात खुंटीला टांगलेली होती, वाळून कडक झालेली. विहिरीच्या काठावर इंजिन धडधडत होतं आणि लोखंडी नळातून पाणी हौदात पडत होतं, न थांबता. ओळीसाठी जागाच नव्हती. गहिनीनाथ आता गात नसत. कुणी म्हण म्हटलं तर म्हणत, इंजिनाला काय गानं लागतंय, त्याला तेल लागतंय.

सरांनी बाजेवर रेकॉर्ड-प्लेअर मांडला. शेजारी जमले. रतनबाई दारात उभ्या राहिल्या, हाताला अजून पाटाचा चिखल. रेकॉर्ड सुरू झाली. ढोल वाजले, मग एक कर्कश वाद्य चाकासारखं कुरकुरू लागलं. ते त्यांनी आमच्या चाकावरूनच घेतलं होतं. शब्द इंग्रजी होते, पण चाल ती आणि तीच होती. बैल खाली जातात तशी उतरणारी, आणि शेवटी पाणी ओततात तशी सांडणारी.

"ह्या गान्यावर बैल धावंल न्हाई, बुजंल," एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले.

मग ध्रुवपद आलं. चार-पाच माणसं एका आवाजात ओरडून गाऊ लागली आणि त्यांचे शब्द इंग्रजी नव्हते. ते वाकड्यातिकड्या उच्चारांत म्हणत होते, "थांबा, दारं फुटलं! थांबा, दारं फुटलं!"

रतनबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी बांध फुटला म्हणून त्यांनी मारलेली हाक बँडने गाण्याचा भाग समजून घेतली होती आणि सहा वेळा म्हटली होती. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "सर, ह्या कागदावर काय लिवलंय?"

सरांनी रेकॉर्डचं वेष्टन हातात घेतलं. गाणाऱ्यांची नावं वाचली, ढोलवाल्याचं, वाद्यवाल्यांची, रेकॉर्ड ज्यांनी भरली त्यांची. मग या गाण्यापुढे काय आहे ते सांगितलं. पारंपरिक, म्हणजे कुणा एकाचं नाही, असं.

रतनबाईंचं हसू थांबलं. त्यांनी हातावरचा चिखल दुसऱ्या हाताने खरवडला.

"कुनाचंच न्हाई कसं?" त्या हळूच म्हणाल्या. "मी हाय की."

सरांनी गहिनीनाथांकडे पाहिलं. शेजाऱ्यांनीही पाहिलं. गहिनीनाथ जमिनीकडे पाहत होते. पावणेतीन वर्षांपूर्वी ते जिथे होते तिथेच पुन्हा येऊन उभे राहिले होते, आणि या वेळी त्यांच्या मागून बोलायला आई नव्हती.

सर गोंधळले. मूळ गाणं ऐकू या, असं काहीतरी बोलून त्यांनी मला यंत्रावर चढवलं आणि माणसं बरीच होती म्हणून आवाज पूर्ण वाढवला. मी सुरू झाले. काजळ्याचं नाव आलं, मोत्याचं आलं. पाय माझं चिखलात, ही ओळ आली तेव्हा सरांनी मान वर केली. मोट हाकणारा चिखलात उभा नसतो. तो कोरड्या धावेवर असतो. चिखलात असतं ते दारं धरणारं माणूस. ही ओळ सरांनी पन्नास वेळा ऐकली असेल, तिचा अर्थ लिहूनही ठेवला होता, आणि ती कुठून म्हटली आहे हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

गाणं संपलं. सरांचाच आवाज आला, "पारंपरिक. तालुका कर्जत." एरवी ते इथेच बटण बंद करत. त्या वेळी त्यांच्या हातात चहाची कपबशी होती आणि ती ते विसरले होते. त्यामुळे मी पुढे जात राहिले, कोऱ्या जागेवर, नुसती खरखर करत.

"आत्याबाई," रतनबाई म्हणाल्या.

कुणाला काही कळेना. रतनबाई यंत्रापाशी येऊन बसल्या. "आत्ता आत्याबाई बोलल्या. पुना लावा, सर."

सरांनी मला मागे घेऊन पुन्हा लावलं. इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येईना. तेव्हा गहिनीनाथ उठले आणि विहिरीवर जाऊन त्यांनी स्वतः इंजिन बंद केलं. पाणी थांबलं. रानात एकदम इतकी शांतता झाली की मोत्याच्या गळ्यातलं घुंगरू ऐकू आलं. मग तिसऱ्यांदा मी सरांच्या शब्दांवरून पुढे गेले, आणि खरखरीच्या तळातून, खूप लांबून आल्यासारखा, गेल्या वर्षीच्या भाद्रपदात वारलेल्या गोजरबाईंचा आवाज आला.

"आमच्या रतननं रचलंय."

मित्रांनो, त्या उन्हाळ्यात ट्रंकेमध्ये जे घडलं ते हे होतं. सरांनी एक वेटोळं पुसलं. शेजारच्या वेटोळ्याने त्यातलं थोडंसं आधीच घेऊन ठेवलं होतं. माझं एक वेटोळं तीन सेकंदांचं. तेवढ्यात हे तीन शब्द मावले. सर हे सगळं समजावून सांगू लागले. कण, चुंबक, उष्णता. रतनबाई म्हणाल्या, "म्हंजी नव्या लुगड्याचा रंग घडीतल्या दुसऱ्या कापडाला लागतो, तसं."

"अगदी तसंच, वहिनी," सर म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पुसलं मी. चूक माझी आहे."

गहिनीनाथ अजून इंजिनापाशीच उभे होते. ते तिथून आले, शेजाऱ्यांच्या मधून, आणि यंत्रासमोर उकिडवे बसले.

"सर, ते बोलायचं बटन लावा."

सरांनी गोजरबाईंच्या आवाजापुढे सात-आठ वेटोळी मोकळी सोडली, मोजून, आणि बटण लावलं. गहिनीनाथांनी डोक्यावरचा फेटा काढून मांडीवर ठेवला. असा माणूस बोलायच्या आधी किती वेळ गप्प राहू शकतो ते माझ्यावर नोंदलेलं आहे. अकरा सेकंद.

"रतनबाई गहिनीनाथ धांडे," ते म्हणाले. "हिनं रचलंय हे गानं. मी निस्तं गायलं. मागल्या टायमाला मी खोटं बोललो."

तो म्हातारा लगेच म्हणाला, "घेतलं का न्हाई नाव? आता साखर वाट, गहिन्या." कुणी हसलं, पण चेष्टेचं नाही. रतनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. त्या सरांना म्हणाल्या, "तिकडं पत्र लिवाल तर हेबी लिवा, का दारं फुटलं हे गान्यात न्हाई म्हनावं. ते पानी वाया चाल्लं हुतं म्हनून वरडले."

हे सगळं माझ्यावर आहे. बटण बंद करायचं त्या दिवशी कितीतरी वेळ कुणालाच सुचलं नाही.

सरांनी पत्र लिहिलं, आणि पत्राबरोबर माझ्या या शेवटच्या भागाची नक्कल पाठवली. पाहुण्याचं उत्तर महिन्याने आलं. त्यात फार कमी शब्द होते आणि त्यातले बरेचसे माफीचे होते. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी रेकॉर्डचं नवीन वेष्टन आलं. सर ते घेऊन गावी गेले. मीही पिशवीत होते. त्या गाण्यापुढे आता रतनबाईंचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत, मुंगीएवढं. रतनबाईंना मराठीही वाचता येत नव्हतं. त्यांनी सरांना विचारून त्या अक्षरांवर बोट ठेवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत नेलं आणि परत आणलं.

"आन् ते दारं फुटलं?"

"ते तसंच राहिलं, वहिनी. ते आता छापलं गेलं."

"ऱ्हाऊ द्या मग," त्या म्हणाल्या. "तेबी माझंच हाय."

आता मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात आहे. सरांनी निवृत्त होताना मला इथे दिलं. मला वाजवणारं यंत्र वरच्या फळीवर आहे आणि त्याचा पट्टा तुटला आहे. बरीच वर्षं मला कुणी उलगडलेलं नाही. माझ्या पेटीवरचं 'पारंपरिक' सरांनी एका रेघेने खोडलं आणि शेजारी नाव लिहिलं. पण माझ्यावरची स्वतःची ती चुकीची माहिती त्यांनी मुद्दाम पुसली नाही. त्यामुळे अजूनही आधी त्यांचा मोठा, स्पष्ट, चुकलेला आवाज येतो, मग म्हातारीचा पुसट आणि खरा, आणि मग गहिनीनाथांचे ते अकरा सेकंद.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी टेप असेल तर तिला उन्हात ठेवू नका, चुंबकापासून दूर ठेवा आणि वर्षातून एकदा उलगडून पुन्हा सैलसर गुंडाळा. आणि कुणाचं गाणं लिहून घ्याल, कुणाची गोष्ट, कुणाची भाजीची कृतीसुद्धा, तेव्हा ती कुणाची हे विचारा. जो समोर उभा आहे त्यालाच विचारून निघून येऊ नका. शेताच्या त्या टोकाला चिखलात कोण उभं आहे तेही पाहा. विचारल्यावर उत्तर लगेच येईलच असं नाही. तोवर बटण बंद करू नका. माझ्या शेवटाला अजून चाळीस फूट जागा कोरी आहे.